मंदीत दूरसंचार कंपन्या तगतात कशा? दुखणे उत्पन्नाचे की देण्यांचे?

हिशेबनीस

एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन, पहिल्या अंदाजानुसार, जवळजवळ २४ टक्क्यांनी आक्रसले. हॉटेले, विमाने, बांधकाम, वाहनउद्योग असे सगळे त्यात भरडले गेले. त्याच तिमाहीत भारती एअरटेलचा एकत्रित महसूल मात्र आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी वाढून २३,९३९ कोटी रुपयांवर पोहोचला आणि तरीही कंपनीने १५,९३३ कोटींचा निव्वळ तोटा दाखवला. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की या धाग्याचा विषय स्पष्ट होतो. मंदीत लोक फोन बंद करत नाहीत, उलट घरी बसल्यामुळे तो अधिकच वापरतात. तोटा आला तो समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे सरकारी शुल्क ज्या रकमेवर मोजले जाते त्या एजीआरच्या जुन्या थकबाकीसाठी कराव्या लागलेल्या तरतुदीमुळे.

माझे म्हणणे असे आहे की दूरसंचार कंपनीला मंदी सहसा ग्राहकाच्या दारातून येत नाही, ती सावकाराच्या आणि सरकारच्या दारातून येते. या धंद्यात खर्चाचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला असतो. स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरी वापरण्याचा हक्क, लिलावात घेतलेला असतो, टॉवर उभे असतात, फायबर पुरलेले असते आणि त्या सर्वांचे हप्ते तारखेला द्यावेच लागतात. महसूल चार टक्क्यांनी घटला काय किंवा वाढला काय, हप्ता तेवढाच राहतो. त्यामुळे मंदीला कसे तोंड द्यावे या प्रश्नाचे खरे उत्तर मंदीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कंपनीने काय केले होते, यात दडलेले असते.

एजीआर प्रकरणाची एक बाजू चर्चेत फारशी येत नाही. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी परवान्यांसाठी अवास्तव बोली लावल्या होत्या आणि ठरलेले वार्षिक शुल्क भरणे त्यांना अशक्य झाले होते. म्हणून १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. तत्त्वतः ही मंदीसाठी उत्तम व्यवस्था आहे, कारण उत्पन्न घटले की शुल्कही आपोआप घटते. पण ‘महसूल’ कशाला म्हणायचे, ठेवींवरील व्याज किंवा भंगाराच्या विक्रीतून आलेले पैसे त्यात धरायचे का, यावर पुढे दीर्घ खटला चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा परवाना शुल्कापोटी मागितलेल्या सुमारे ९२,६०० कोटींमध्ये मुद्दल जेमतेम २३,२०० कोटी होते. बाकी सर्व व्याज, दंड आणि दंडावरील व्याज. चढउतारांशी जुळवून घेणारे शुल्क अशा रीतीने एका ठोक देण्यात बदलले आणि तेही नेमके महासाथीच्या तोंडावर.

आता प्रश्न असा की अशा स्थितीत व्यवस्थापनाच्या हातात प्रत्यक्षात काय उरते? दरवाढ, खर्चकपात, मालमत्तेची विक्री, नवे भांडवल आणि सरकारकडे सवलतीची मागणी, हे नेहमीचे पाच मार्ग आहेत. माझ्या मते त्यांचे महत्त्व सारखे नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची मते वाचायला आवडतील.

पेठेतले दुकान

हिशेबनीस, ताळेबंदाच्या बाजूने आपले विवेचन पटते, पण ग्राहकाच्या दारातून मंदी येत नाही, हे विधान काउंटरच्या या बाजूने पाहिल्यास तितकेसे खरे वाटत नाही. मी तालुक्याच्या गावी रिचार्जचे दुकान चालवतो. मंदी आमच्याकडे सर्वांत आधी दिसते ती दुसऱ्या सिमकार्डात. ज्याच्याकडे दोन सिम आहेत तो त्यातले एक मुकाट्याने सोडून देतो. त्यानंतर घरातल्या तीन फोनपैकी एकावरच डेटा पॅक मारला जातो आणि बाकीचे दोन त्याच्या हॉटस्पॉटवर चालतात. तिसरी पायरी म्हणजे २८ दिवसांची मुदत संपल्यावर लगेच रिचार्ज न करता पाच-सहा दिवस फक्त येणाऱ्या फोनवर काढणे. वर्षाच्या हिशेबात अशी एक-दोन रिचार्ज सहज गळतात आणि ती गळती कोणत्याही अहवालात ‘ग्राहक सोडून गेला’ अशी नोंदली जात नाही.

शिवाय २०२० च्या एप्रिलमध्ये देशातील मोबाइल जोडण्यांची संख्या एकाच महिन्यात सुमारे ८२ लाखांनी घटली होती, हे विसरता येत नाही. शहरांतील मजूर गावी परतले होते आणि आमच्यासारखी दुकाने बंद होती. ज्यांना स्वतःच्या फोनवरून पैसे भरता येत नव्हते त्यांच्यासाठी कंपन्यांना मुदतवाढ आणि दहा-दहा रुपयांचा टॉकटाइम फुकट द्यावा लागला. आपण दाखवलेली १५ टक्के वाढ डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या दरवाढीची आहे, असे मला वाटते. ती दरवाढ झाली नसती तर चित्र कसे दिसले असते?

हिशेबनीस

आपला मुद्दा योग्य आहे. त्या वाढीत डिसेंबर २०१९ च्या दरवाढीचा वाटा मोठा होता आणि त्यातूनच माझे म्हणणे अधिक पक्के होते. तीनही खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यानंतर काही महिन्यांतच अर्थव्यवस्था कोसळली, तरीही वाढलेले दर टिकले. जुलै ते सप्टेंबर २०१९ मध्ये एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी १२८ रुपये मिळत होते आणि व्होडाफोन आयडियाला १०७. जगात इतक्या स्वस्तात सेवा देणारे देश विरळा, त्यामुळे दर वाढवायला जागा होतीच. अडथळा होता तो ग्राहकाच्या ऐपतीपेक्षा स्पर्धेचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून पहिले पाऊल कोणी उचलायचे, हा पेच होता.

दुसऱ्या सिमचा मुद्दा मात्र कंपन्यांनी स्वतःहून ओढवून घेतला आहे. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने महिन्याला किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट आणली, तेव्हा काही न देणारे कोट्यवधी ग्राहक जातील याची त्यांना कल्पना होती. मंदीत असे करणे क्रूर वाटते, पण जो ग्राहक पैसे देत नाही आणि क्रमांक अडवून ठेवतो, त्याला सोडण्यात तोटा नाही. खरा धोका असा की ही चाळणी लावताना पैसे देणारा ग्राहकही निसटतो. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या तेव्हा त्यांच्याकडे मिळून सुमारे ४० कोटी ग्राहक होते. आज त्याच्या जवळपास निम्मेच उरले आहेत आणि ते सर्व काही फुकटे नव्हते.

मनोऱ्याखाली

पैसे देणारा ग्राहक का निसटतो, याचे उत्तर मी देऊ शकेन, कारण अनेक वर्षे टॉवरच्या देखभालीचे काम मी करतो. कोणत्या कंपनीसाठी, ते सांगत नाही. खर्चकपातीचे परिपत्रक निघाले की मुख्यालयात कागदावर जी रक्कम वाचते, तिचे साइटवर काय होते ते पाहण्यासारखे आहे.

एका साध्या ग्रामीण साइटवर विजेचे मीटर, बॅटरीला चालेल अशी वीज करून देणारा रेक्टिफायर, ४८ व्होल्टची बॅटरी बँक आणि डिझेल जनित्र असते. वीज गेली की भार बॅटरीवर जातो आणि बॅटरी उतरत आली की जनित्र सुरू होते. बॅटरी बँक चांगली असेल तर साइट काही तास शांतपणे चालते आणि डिझेल जाळावेच लागत नाही. मंदीत सर्वांत आधी पुढे ढकलली जाते ती बॅटरीची बदली, कारण तो भांडवली खर्च असतो आणि ‘अजून सहा महिने चालेल’ असे म्हणणे सोपे असते. त्यानंतर घडते असे की जुनी बॅटरी अर्ध्या तासात बसते, जनित्र दिवसातून चारदा सुरू होते, डिझेलचा खर्च वाढतो, आणि महिन्याचा डिझेलचा कोटा संपला की साइट सरळ बंद पडते. भांडवली खात्यात वाचवलेले पैसे चालू खात्यातून दुप्पट जातात. पावसाळ्यात आमच्या भागात रात्रभर वीज नसते, तेव्हा त्या गावात ज्या एका कंपनीची रेंज टिकून राहते, तिच्याकडे पुढच्या आठवड्यात लोक क्रमांक पोर्ट करतात.

याउलट काही कपाती खरोखर निरुपद्रवी असतात. वातानुकूलित खोलीऐवजी बाहेरच्या कॅबिनेटमध्ये उपकरणे ठेवली की विजेचे बिल लक्षणीय घटते. रात्री वर्दळ नसताना जादा कॅरियर, म्हणजे वाढीव वर्दळीसाठीचे रेडिओपट्टे, झोपवून ठेवता येतात आणि पहाटे ते आपोआप जागे होतात. एकाच डोंगरावर दोन कंपन्यांचे दोन मनोरे असतील तर एक उतरवून दोघांनी एकावर यावे, यात ग्राहकाचे काहीही बिघडत नाही आणि जागेचे भाडे, राखणदार, डिझेल, सगळेच निम्म्यावर येते. मंदीत नेमके हेच करायला हवे. पण कपात करणाऱ्याला टक्केवारी दिसते, साइट दिसत नाही, म्हणून चांगली आणि वाईट कपात एकाच फटक्यात होते.

राईनकाठ

मनोऱ्याखाली यांचा प्रतिसाद वाचून युरोपातील २००१-०२ चा काळ आठवला. मी जर्मनीत राहतो आणि इथल्या जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात तो काळ अजून येतो. २००० साली तिसऱ्या पिढीच्या स्पेक्ट्रमसाठी ब्रिटनमध्ये सुमारे २२.५ अब्ज पौंडांचा आणि जर्मनीत सुमारे ५० अब्ज युरोंचा लिलाव झाला. सेवा सुरू होण्याआधीच तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांचा फुगा फुटला आणि बँकांनी हात आखडता घेतला. म्हणजे हिशेबनीस म्हणतात तेच इथेही घडले होते. लोक फोनवर बोलायचे थांबले नव्हते, पण कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज मिळेनासे झाले.

त्यातून बाहेर पडण्याची ब्रिटिश टेलिकॉमची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. २००१ या एकाच वर्षात त्यांनी भागधारकांकडून ५.९ अब्ज पौंडांचे भांडवल उभे केले, लाभांश रोखला, येल हा दूरध्वनी निर्देशिकांचा व्यवसाय विकला, आपल्या हजारो इमारती विकून पुन्हा भाड्याने घेतल्या आणि वर्षअखेरीस संपूर्ण मोबाइल व्यवसाय वेगळा काढला. मोबाइल सोडणे ही चूक होती, असे अनेकांचे मत आहे आणि माझेही तेच आहे, कारण पुढे २०१६ मध्ये त्यांना दुसरी मोबाइल कंपनी विकत घेऊन त्या धंद्यात परतावे लागले. तरीही त्या वर्षी कंपनी वाचली ती या निर्णयांच्या वेगामुळे, हे मान्य करावे लागते. फ्रान्स टेलिकॉमवर तेव्हा जवळजवळ ७० अब्ज युरोंचे कर्ज होते, पण बहुसंख्य मालकी सरकारची असल्याने तिला पाठीराखा होता. क्वाम नावाच्या कंपनीने तर जर्मन परवान्यासाठी आठ अब्ज युरोंहून अधिक रक्कम मोजली आणि २००२ मध्येच दुकान बंद केले.

मनोरे वाटून घेण्याबाबत सांगायचे तर, जर्मन नियामकाने २००१ मध्येच तिसऱ्या पिढीच्या जाळ्यातील काही भाग सामायिक करण्यास परवानगी दिली होती. लिलावाच्या वेळी प्रत्येकाने स्वतंत्र जाळे उभारावे अशी अपेक्षा होती, पण परिस्थिती पाहून नियमांचा अर्थ सैल केला गेला. यात सरकारी तिजोरीचे काहीही गेले नाही.

जुना एक्स्चेंजवाला

मनुष्यबळाच्या कपातीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. भारत संचार निगमचे उदाहरण घ्यावे लागेल. २०१९ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांवरील खर्च उत्पन्नाच्या सुमारे ७५ टक्के होता, तर खासगी कंपन्यांत हे प्रमाण एक आकडी असते. ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेनुसार स्वेच्छानिवृत्ती आली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी सुमारे ७८ हजार कर्मचारी बाहेर पडले, म्हणजे निम्मे खाते. मुंबई आणि दिल्लीच्या महानगर टेलिफोन निगममधूनही १४ हजारांहून अधिक लोक गेले.

आर्थिकदृष्ट्या याला पर्याय नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु पन्नाशीपुढच्या सर्वांना दार उघडे ठेवले की कोण जाणार हे कंपनी ठरवत नाही. तांब्याच्या केबलचा दोष कोणत्या खांबापाशी आहे, कोणत्या रस्त्याखालून कोणती जोडी जाते, हे ज्यांच्या डोक्यात होते तेच लोक गेले आणि त्यातले बरेचसे कोणत्याही नकाशावर उतरवलेले नव्हते. खाते निम्मे रिकामे करण्याआधी वर्षभर नोंदी करून घेण्याचे काम लावले असते, तर त्याचा खर्च नगण्य ठरला असता. आणखी एक गोष्ट अशी की मनुष्यबळ कमी करून वाचलेले पैसे नव्या जाळ्यात तातडीने घातले गेले तरच कपातीला अर्थ असतो. येथे चौथ्या पिढीच्या सेवेचा देशव्यापी आरंभ व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडले. मधल्या पाच वर्षांत जे ग्राहक गेले ते पगाराच्या बोज्यामुळे गेले नाहीत, ते डेटाचा वेग नव्हता म्हणून गेले.

असे असले तरी जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यानंतर काही महिने लोक निगमाकडे वळले होते. स्वस्त सेवेची मागणी कायम आहे, एवढे त्यावरून दिसते.

काठावरचा

सर्व प्रतिसाद वाचले. एक शंका आहे. कंपनी संकटात आली की शेवटी सरकार देणी समभागांत बदलून घेते, हे व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत आपण पाहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटींची देणी समभागांत बदलली गेली आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांजवळ पोहोचला. असे होणार असेल, तर काटकसरीने वागलेल्या कंपनीने काय मिळवले?

हिशेबनीस

काठावरचा, हा प्रश्न रास्त आहे, पण यात फायदा नक्की कोणाचा झाला ते पाहा. मूळ प्रवर्तकांचा हिस्सा प्रत्येक वेळी पातळ होत गेला आणि त्यांनी आधी घातलेले हजारो कोटी जवळजवळ बुडाले. त्यांच्या दृष्टीने ती सुटका महागडीच ठरली. सरकारने हे केले त्यामागे कंपनीवरील प्रेम नसावे, बाजारात दोनच खासगी कंपन्या उरतील ही धास्ती असावी. सप्टेंबर २०२१ च्या सवलतींत मला याहून मोलाच्या वाटलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. दूरसंचाराशी संबंध नसलेले उत्पन्न एजीआरमधून पुढील काळासाठी वगळले गेले, दंड रद्द झाला, बँक हमीच्या रकमा मोठ्या प्रमाणात घटवल्या गेल्या आणि नव्या लिलावातील स्पेक्ट्रमची मुदत वीसऐवजी तीस वर्षे झाली. चार वर्षांच्या हप्तेसवलतीने केवळ वेळ मिळतो, व्याज चालूच राहते. बाकीच्या तरतुदींनी मात्र धंद्याचा सांगाडा बदलतो आणि त्यांचा लाभ काटकसरी कंपनीलाही तितकाच होतो.

काटकसरीपेक्षाही महत्त्वाचे वाटते ते विक्रीचे वेळापत्रक. भारतीने आपला टॉवरचा व्यवसाय वेगळा काढून डिसेंबर २००७ मध्ये त्यातील सुमारे १० टक्के हिस्सा सिंगापूरच्या टेमासेक आदी गुंतवणूकदारांना एक अब्ज डॉलरला विकला. तेव्हा बाजार शिखरावर होता आणि कंपनीला पैशाची तातडीची निकड नव्हती. त्याच सुमारास भारती, व्होडाफोन आणि आयडियाने मिळून इंडस टॉवर्स ही मनोऱ्यांची सामायिक कंपनी उभारली. काही महिन्यांत जागतिक मंदी आली, तेव्हा या तिघांना प्रत्येक गावात वेगळा मनोरा उभारावा लागला नाही. इंडसमधील हिस्सा नंतरही कामी आला. ब्रिटनच्या व्होडाफोन समूहाने २०२४ मध्ये तो विकून मुख्यतः स्वतःचे कर्ज फेडले.

आता रिलायन्स कम्युनिकेशन्स पाहा. टॉवर, फायबर आणि स्पेक्ट्रम विकण्याचा करार त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये जिओशी केला, पण तोवर मोबाइलवरील बोलण्याची सेवा बंद पडली होती. स्पेक्ट्रमच्या थकबाकीची जबाबदारी कोणाची यावर दूरसंचार खाते, विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात एकमत झाले नाही, थकलेले पुरवठादार न्यायालयात गेले आणि मार्च २०१९ मध्ये करार मोडला. मालमत्ता तीच होती, पण अडचणीत सापडलेल्या विक्रेत्याकडून खरेदीदाराला वस्तू हवी असते, तिच्यामागची देणी नको असतात. एअरटेलने मात्र २०१९ मध्ये २५,००० कोटींची हक्कभाग विक्री, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच नवे समभाग देऊ करणे, केली, आफ्रिकेतील उपकंपनी लंडनच्या बाजारात नोंदवली, आणि जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या दोन महिने आधी, आणखी तीन अब्ज डॉलर उभे केले. त्यात नशिबाचाही भाग होता. पण बाजाराचे दार उघडे असताना आत शिरण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती आणि मंदीसाठी याहून उपयोगी सवय मला दिसत नाही.

पेठेतले दुकान

चर्चा उत्तम चालली आहे. एकच व्यावहारिक गोष्ट विचारतो. दर वाढवताना सर्वांत स्वस्त पॅकची किंमत सर्वांत जास्त चढते, हे आम्ही पाहिले आहे. एका कंपनीचा २८ दिवसांचा किमान पॅक २०२१ च्या मध्यापर्यंत ४९ रुपयांना होता, तो २०२४ मध्ये १९९ वर गेला. मंदीत रोजंदारीवरच्या माणसाला हे झेपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने डेटाशिवाय फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणे बंधनकारक केले, पण आमच्याकडे आलेले बहुतेक पॅक लांब मुदतीचे आणि एकरकमी मोठ्या पैशांचे आहेत. ज्याच्याकडे आज दोनशे रुपये नाहीत, त्याच्याकडे चारशे-पाचशे कुठून येणार? अशा ग्राहकासाठी आठवड्याचा लहान पॅक काढणे कंपनीला खरोखरच परवडत नाही का?

मनोऱ्याखाली

माझ्या बाजूने उत्तर देतो, दरांचा हिशेब हिशेबनीस सांगतील. केवळ बोलण्यासाठी फोन वापरणाऱ्या ग्राहकाचा जाळ्यावरील भार नगण्य असतो. आमच्या साइटवर रात्री नऊ ते अकरा या वेळेत जी दमछाक होते ती व्हिडिओमुळे होते आणि जाळ्याची क्षमता त्या दोन तासांसाठी वाढवावी लागते. सकाळी सात वाजता मुकादमाला फोन करणाऱ्या माणसासाठी साइटच्या यंत्रात एकही जादा कार्ड बसवावे लागत नाही, त्यामुळे त्याला सात दिवसांचा पॅक दिल्याने साइटचा खर्च वाढत नाही. अडचण असलीच तर ती अशी असू शकेल की तो पॅक मग डेटावालेही दुसऱ्या सिमसाठी घेऊ लागतील.

हिशेबनीस

तेच कारण आहे. स्वस्त पॅक निघाला की आज १९९ देणारे काही जण त्यावर उतरतात आणि एका ग्राहकामागचे सरासरी उत्पन्न घसरते. कर्जदाते व गुंतवणूकदार दर तिमाहीला हीच सरासरी पाहतात, म्हणून ती घसरू देण्याची हिंमत कोणी करत नाही. ज्या कंपनीवर देण्यांचा ताण कमी आहे ती हा प्रयोग करू शकेल. एखाद्या सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या सेवाक्षेत्रात, उदाहरणार्थ महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या ग्रामीण भागात, सहा महिने तो करून किती जण खाली उतरतात आणि किती गळालेले परत येतात, हे मोजता येईल. पेठेतले दुकान, आपल्या काउंटरवर मुदत संपल्यावर पाच-सहा दिवस थांबणारे साधारण किती टक्के असतात, याचा काही अंदाज देऊ शकाल का?